नाव उपटलेली गिटार

माझी थोरली बहीण मैनाबाई रामटेके नागपूरच्या लकडगंजात विजेच्या मोटारी भरायची. जळलेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून काढायची, फेरे मोजत नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश पाजायची आणि मोटार पुन्हा फिरती करून द्यायची. आजूबाजूला सगळ्या लाकूड कापायच्या आरा मशिनी. ओलं लाकूड आऱ्यात अडकलं की मोटार जळे आणि हातगाडीवरून बाईच्या दुकानी येई. मी तिला बाईच म्हणायचो.

दुकान मूळचं बाईच्या नवऱ्याचं, ईश्वरदासचं. लग्नानंतर तो संध्याकाळी कॉइलचं काम घरी आणायचा. तो गुंडाळायचा आणि बाई फेरे मोजायची. पुढंपुढं ती गुंडाळायला लागली आणि तो मोजायला. एकोणसत्तर साली तो छातीच्या दुखण्यानं गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि तिसऱ्या दिवशी बाईनं दुकानाचं कुलूप उघडलं. गिऱ्हाइकं आली, पण आधी विचारत, मोटार भरणार कोण? बाई म्हणे, मी. मग आडनाव विचारत. काही जण आडनाव ऐकून मोटार परत नेत. बाई त्यांना अडवत नसे. जे थांबत त्यांना सांगे, "इथंच चालू करून दाखवते. हात ठेवून पाहा. गरम लागली तं नेऊ नका."

अशी दोन वर्षं गेली आणि धंद्याचा जम बसला. तेवढ्यात एका व्यापाऱ्यानं तिला वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार विकली. आठ दिवसांत दोन मोटारी जळून परत आल्या आणि मालकांनी भर रस्त्यात तिचा पाणउतारा केला. त्यानंतर बाई तारेची प्रत्येक गुंडाळी ब्लेडनं खरवडून पाहायची. तो संशय हळूहळू दुकानातून घरी आला. दूध, तिखट, साबण, सगळं पारखून घ्यायची. मी हिंगण्याच्या कारखान्यात पाळीनं कामाला होतो आणि तिच्याकडेच राहायचो. कंपनीची बस उशिरा सुटली असं मी सांगितलं तरी ती शेजारच्याला विचारून घ्यायची, खरंच उशिरा सुटली का म्हणून.

आमची एक गायन पार्टी होती. जयंतीला आणि दसऱ्याला वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं गायचो. गायक धोंडबा मेश्राम, कापडाच्या गिरणीत कामाला, आवाज असा की लाउडस्पीकर बंद पडला तरी मागच्या रांगेला ऐकू जाई. मी बेंजो वाजवायचो. सत्याहत्तर साली दुसऱ्या एका पार्टीनं विजेवरची गिटार आणली आणि लोक आमचं गाणं सोडून तिकडं जायला लागले. धोंडबानं मनावर घेतलं. सदरला लाउडस्पीकर आणि मंडप भाड्यानं देणारे भैय्याजी होते, त्यांच्याकडे एक गिटार विकायला आहे अशी बातमी त्यानंच आणली. बेंजोवरून गिटारवर हात बसवायची माझी तयारी होती.

आम्ही पाहायला गेलो तेव्हा बाई सोबत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पण पार्टीच्या पेटीत तिचाही पैसा होता.

गिटार दिसायला देखणी. मधे पिवळी, कडेला तांबडी होत गेलेली, चकाकती. पुढं पत्र्याच्या पट्टीवर चार बटणं, तारांखाली दोन चपटे डबे. तारेची थरथर हेच डबे पकडतात आणि विजेनं आवाज वाढवायच्या पेटीत पाठवतात, त्यांना पिकअप म्हणतात. दांडीच्या शेंड्यावर, जिथं कंपनीचं नाव असायला पाहिजे, तिथं मात्र खिळ्यांची दोन भोकं आणि नावाच्या पट्टीएवढा फिकट डाग.

"नाव कुठी गेलं?" बाईनं विचारलं.

भैय्याजी हसले. जापान का माल आहे, म्हणाले, नाव कशाला पाहिजे. अख्ख्या लाकडाच्या एका फळीतून कोरलेली, कंपनीतून आली तशीच आहे, आजवर एकही स्क्रू उघडायला पेचकस लागलेला नाही. धोंडबा मान डोलवत होता. त्याला ती आजच्या आज घरी न्यायची होती. बाई म्हणाली, चार दिवस तपासायला द्या, पसंत पडली तर पैसे. भैय्याजींनी धोंडबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अपने धोंडबाजींसाठी देतो. न्या."

'अपने' हा शब्द बाईच्या कानात अडकला. परतताना रिक्षात तिनं मला दोनदा विचारलं, धोंडबा याच्याकडे किती दिवसांपासून येऊन राहिला?

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातल्या टेबलावर पोतं पसरून त्यावर गिटार उताणी निजवली आणि आधी नुसती पाहत बसली. मग मला बोलावून पत्र्याच्या पट्टीचे पेच दाखवले. पेचांच्या डोक्यावरच्या खाचा बाहेरच्या बाजूनं झिजून चमकत होत्या. "पेचकस लागला नाही म्हणते," ती म्हणाली. तिनं पट्टी काढली आणि मीटर लावला. एका पिकअपची कॉइल पाच हजार ओहम दाखवत होती, दुसरी तीन हजारांच्याही खाली. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन कॉइलींत एवढा फरक पडत नाही, हे तिनं मला समजावून सांगितलं. कमीवाल्या कॉइलचं झाकण उघडलं. आतली तार पहिलीपेक्षा जाड होती, फेरे एकावर एक चढलेले, आणि शेवटचं टोक आपल्या इथल्या पांढऱ्या सुती दोऱ्यानं बांधलेलं. कोणीतरी ती इथंच घाईघाईत भरली होती.

त्या संध्याकाळी ती तालमीला आली. सगळे सात जण बसलेले असताना तिनं कॉइलचं सांगितलं. धोंडबा म्हणाला, असेल दुरुस्त केलेली, वाजते ना? त्यावर बाईनं त्याच्याकडे सरळ पाहत विचारलं, "धोंडबा भाऊ, या सौद्यात भैय्याजी तुम्हाले काही देऊन राहिला का?"

धोंडबानं समोरची वही मिटली, चपला घातल्या आणि तो निघून गेला. मी बाईवर चिडलो. ती म्हणाली, मग काहून न पाहता घ्याची घाई होती त्याले? खरं सांगायचं तर तो प्रश्न माझ्याही मनात शिरला होता. धोंडबा दर रविवारी सदरला जातो, हे मला माहीत होतं.

लाकडाची परीक्षा बाईला येत नव्हती. म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही गिटार समोरच्या आऱ्यावरच्या नत्थूजींकडे नेली. नत्थूजी साठीतले सुतार. लाकूड हातात घेतलं की बोटांनीच ते कुठल्या जंगलातलं ते सांगत. त्यांनी गिटार डोळ्यासमोर धरून दांडीवरून असं पाहिलं, जसं तुळई सरळ आहे का ते पाहतात. एक तार पहिल्या पडद्यापासून, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपासून, शेवटच्या पडद्यापर्यंत ताणून दाबली आणि तिच्याखालून उजेड कुठं किती येतो ते पाहिलं. मग मागचे चार पेच काढून दांडी धडापासून वेगळी केली.

दांडी बसते त्या खाचेत रंग नव्हता, लाकूड उघडं होतं. नत्थूजींनी तिथं थुंकी लावून बोट फिरवलं. "पाच थर आहेत," ते म्हणाले. "हे प्लायवूड होय, एक फळी नाही. पण प्लाय चांगला आहे. सुटणार नाही." दांडीचं मात्र त्यांनी कौतुक केलं. लाकूड सरळ रेषेचं, आत लोखंडी सळई, कुठं पीळ नाही. नुसती कडेला एक काळी रेघ. दांडीच्या बुडाशी पेन्सिलीनं काही अक्षरं काढलेली होती, काही घरांच्या छपरांसारखी, काही दोन-तीन काड्यांची.

भैय्याजींचं आणखी एक खोटं बाईच्या हाती लागलं होतं. आता तिला ती अक्षरं पाहिजे होती. जापानचीच कशावरून? ती म्हणाली. कलकत्त्यात बसून कोणीही काढू शकते.

त्याच आठवड्यात इंदोरा वस्तीतल्या विहारात जपानी यात्रेकरूंची एक मंडळी उतरली होती. बोधगयेहून येताना काही जण दीक्षाभूमी पाहायला नागपूरला थांबत. मला ते सुचलं आणि मी खुशीत बाईला सांगितलं. तिनं लगेच हो म्हटलं नाही. ती म्हणाली, पाहुणे लोक, आपण हौसेनं विचारलं की चांगलंच सांगतील. म्हणून तिनं एक युक्ती केली. गिटार घरी ठेवली. कागदावर वर ती पेन्सिलीची अक्षरं जशीच्या तशी उतरवली आणि खाली माझ्या चिनी फाउंटनपेनच्या खोक्यावरची अक्षरं. कशावरची आहेत ते मुळीच सांगायचं नाही, असं मला बजावलं.

यात्रेकरूंत एक म्हातारे गृहस्थ होते, टक्कल पडलेले, पायात पांढरे मोजे. त्यांच्यासोबत हिंदी जाणणारा एक भिक्खू होता. बाईनं वाकून वंदन केलं आणि कागद पुढं केला. म्हाताऱ्यांनी चष्मा वर सरकवला, खालच्या ओळीवर बोट ठेवून मान हलवली. भिक्खूनं सांगितलं, ही ओळ चीनची आहे, काही अक्षरं त्यांना समजतात, पण भाषा त्यांची नाही. मग वरची ओळ. ती त्यांनी दोनदा वाचली आणि त्यांना हसू आलं. ही आमची, म्हणाले. माणसाचं नाव आहे, हारुओ. आणि पुढं लिहिलं आहे, दुसरा दर्जा.

बाईनं विचारलं, हारुओ कोण? भिक्खूनं विचारून सांगितलं की कोणीतरी कामगार असेल, तपासणारा. त्यांच्या गावातही असे कारखाने होते, माल तपासणारी माणसं अशाच खुणा करत. म्हाताऱ्यांनी उलट विचारलं, हे कशावर लिहिलेलं आहे? तेव्हा बाईला सांगावंच लागलं. गिटार म्हटल्यावर त्यांनी मांडीवर बोटं नाचवून दाखवली. बाई हसली नाही. परतताना म्हणाली, "जपानची आहे हे खरं. पण नापास झालेली आहे."

नापास कशासाठी, ते नत्थूजींनी सांगितलं. त्यांच्या मते दांडीतल्या काळ्या रेघेसाठी. "रेघेनं काय होते?" ते म्हणाले. "दिसाले वाईट, ताकदीले नाही. मी याची मूठ केली असती कुऱ्हाडीले."

पण गिटारीत आणखी एक खोट होती आणि ती माझ्या कानाला खुपत होती. खालचे पडदे दाबून वाजवलं की सूर बरोबर, वर सरकावं तसा सूर चढत जाई. बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला पाहिजे. सहाच्या सहा तारांत तो चढा येत होता. मी बाईला ऐकवलं. तिला सुरातलं काही कळत नव्हतं, पण तिनं माझ्यावरही विश्वास ठेवला नाही. डोळे बांधून ऐक, म्हणाली, आणि मी दाखवलं तसं तिथं कधी नुसतं बोट टेकवून खरा सूर, कधी तार दाबून आलेला सूर छेडत मला दहा वेळा विचारलं, हा कोणता. दहाही वेळा मी बरोबर सांगितलं तेव्हा तिनं मान्य केलं.

चौथ्या दिवशी आम्ही भैय्याजींकडे गेलो. धोंडबाला निरोप दिला होता, तो आला नाही. बाईनं गिटार काउंटरवर ठेवली आणि एकेक सांगितलं. पेचकस लागलेला आहे. एक कॉइल इथं भरलेली आहे. लाकूड प्लाय आहे. माल दुसऱ्या दर्जाचा आहे. सूर वर चढते. नाव कोणीतरी उपटलं आहे आणि नाव उपटलेली वस्तू चोरीची असते.

शेवटच्या वाक्यावर भैय्याजींचा चेहरा बदलला. इतका वेळ ते हसत होते. त्यांनी काउंटरचा खण उघडला, चाळाचाळ केली आणि पितळेची एक छोटी पट्टी बाईपुढं ठेवली. त्यावर इंग्रजीत एक नाव होतं. मी वाचलं. कधी ऐकलेलं नव्हतं.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. मोतीबागेत राहणारा रेल्वेचा एक गार्ड ऑस्ट्रेलियाला कायमचा निघून गेला, जाताना घरातलं सामान विकून गेला, त्यात ही गिटार. पावतीही होती, ती त्यांनी दाखवली. एक पिकअप बंद होता, तो त्यांच्या मेकॅनिकनं भरला. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी ढिली होती, तीही त्यानंच अंदाजानं पेच ठोकून बसवली. आणि नावाची पट्टी भैय्याजींनी स्वतः काढली होती.

"काहून?" बाईनं विचारलं.

"तीन गिऱ्हाईक आले," भैय्याजी म्हणाले. "तिघांनी नाव वाचलं अन् ठेवून देली. ही कोणती कंपनी, आम्ही ऐकली नाही. वाजवून कोणी पाहिली नाही. नाव काढलं तं लोक आपल्याच मनानं मोठं नाव लावून घेतेत. गार्ड सांगत होता, एकाच कारखान्यातून हाच माल दहा नावांनी निघते. तं नावात काय आहे?"

बाई त्या पट्टीकडे पाहत राहिली. तिनं ती उचलली, उलटी केली, परत ठेवली. मी वाट पाहत होतो की आता ती त्यांना सुनावेल. ती एवढंच म्हणाली, "आधीच सांगतलं असतं तं मी चार दिवसांत काही म्हटलं नसतं."

"अन् धोंडबाजींनं इतके रविवार घातले, त्याचं काय?" भैय्याजी म्हणाले.

कसले रविवार, असं बाईनं विचारलं. तेव्हा कळलं. आम्ही गोळा केलेला पैसा गिटारीपुरताच होता, ती वाजवायच्या पेटीपुरता नव्हता. धोंडबा तीन महिने दर रविवारी भैय्याजींच्या मंडपाचे बांबू चढत होता, भोंगे बांधत होता. मोबदला घेत नव्हता. जयंतीच्या महिन्यात त्यांनी आम्हाला अॅम्प्लिफायर फुकट वापरू द्यावा, एवढंच ठरलं होतं. पार्टीतल्या कोणाला सांगू नका, असं त्यानं सांगितलं होतं, कारण मग सगळ्यांनाच बांबू चढावे लागले असते आणि ढोलकवाल्याचा पाय अधू होता.

बाईनं काउंटरची कड धरली. मग ती म्हणाली, गिटार आम्ही घेतो. पण तिनं एका कागदावर लिहून घेतलं, लाकूड प्लाय, दर्जा दुसरा, एक कॉइल पुन्हा भरलेली, आणि त्याखाली भैय्याजींची सही. नावाची पट्टीही मागून घेतली.

नत्थूजींनी घोडीचे जुने पेच काढले, भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या आणि मी वाजवत असताना घोडी केसाकेसानं मागं सरकवत नेली. बाराव्या पडद्यावर सूर जुळला तिथं खूण करून ती पक्की केली. खराब कॉइल बाईनं स्वतः भरायला घेतली. मोटारीची तार म्हणजे दोरखंड वाटावा अशी ती तार बारीक होती. पाच वेळा तुटली. सहाव्या खेपेला तिनं मला फेरे मोजायला बसवलं. मी मोजत होतो आणि ती गुंडाळत होती, हजारांच्या वर गेल्यावर तिचे ओठही माझ्यासोबत हलायला लागले. शेवटी मीटरचा काटा पहिल्या कॉइलच्या अगदी जवळ येऊन थांबला.

तालमी सुरू झाल्या. धोंडबा येत होता, गात होता. बाई आली की तिच्याकडे पाहत नव्हता.

एका रविवारी दुपारी तिनं मला सोबत घेतलं आणि पाचपावलीत धोंडबाच्या घरी गेली. धोंडबा सदरलाच होता. त्याची बायको अंजनाबाई अंगणात वाल सोलत बसली होती. तिनं आम्हाला बसा म्हटलं, पण पाण्याला विचारलं नाही. बाई तिच्यासमोर बसली आणि तीही शेंगा सोलायला लागली. टोपली संपत आली तेव्हा धोंडबा सायकलवरून उतरला. हाताच्या तळव्यांना सुंभाचे वळ.

बाई उठून उभी राहिली. "धोंडबा भाऊ, मी चुकली," ती म्हणाली. "तुमच्यावर शक घ्याले नव्हता पाहिजे."

धोंडबानं सायकल भिंतीला टेकवली. "शक घेतला त्याचं काही नाही, मैनाबाई. तुमचा सोभाव साऱ्यायले माहीत आहे. पण चारचौघांत घेतला. आता ढोलकवाला मले बिडी मागाले लाजते."

"मंग चारचौघांतच सांगते," बाई म्हणाली.

अंजनाबाईनं तेव्हा पाणी आणलं.

पुढच्या तालमीला बाई आली. मी पेटीची वायर जोडत होतो. ती सगळ्यांच्या मधे उभी राहिली, पदर खांद्यावर घेतला आणि ज्या आवाजात गिऱ्हाइकाला मोटारीतली खोट सांगायची त्याच आवाजात तिनं सगळं सांगितलं. मी असं म्हटलं होतं, ते खोटं निघालं, धोंडबा भाऊ तीन महिने आपल्यासाठी बांबू चढले, मी त्यांना चोर ठरवलं. काही राहिलं का, असं तिनं धोंडबाला विचारलं. तो म्हणाला, नाही. ढोलकवाला रडायला लागला. धोंडबानं त्याला डाफरलं, वही उघडली आणि मला म्हणाला, काळी चारची पट्टी धर.

जयंतीला आम्ही सोळा ठिकाणी गायलो. बाई पहिल्याच कार्यक्रमात स्टेजच्या मागं अॅम्प्लिफायरजवळ उभी होती आणि दर गाण्यानंतर त्यावर हात ठेवून पाहत होती, किती तापला. लोकांनी मला विचारलं, कोणत्या कंपनीची आहे? मी सांगितलं, तर कोणाला माहीत नव्हती.

ती गिटार आम्ही अकरा वर्षं वाजवली. या काळात शहरातल्या दुसऱ्या पार्ट्यांचे बंद पडलेले पिकअप बाईच्या दुकानी यायला लागले आणि मोटारींच्या शेजारी एक लहान टेबल त्यासाठी वेगळं मांडलं गेलं. बाईचा स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही. तार खरवडणं आणि बसची चौकशी करणं तिनं सोडलं नाही. पण माणसाबद्दल काही विचारायचं असलं की ती त्याला आधी बाजूला बोलवायची. धोंडबा भाऊ शेवटपर्यंत म्हणत, त्या गिटारीची तपासणी दोघांनी केली, एक हारुओनं आणि दुसरी आमच्या मैनाबाईनं, अन् हारुओ थोडा नरम माणूस असावा.